आठ, नऊ, तीन

सिराजुद्दीनच्या स्टोअरमध्ये सहा रॅक होते आणि त्यातल्या पाचांना कोकणातल्या बंदरांची नावं होती. जयगड, दाभोळ, हर्णै, बाणकोट, श्रीवर्धन. काळ्या मार्करनं, देवनागरीत, ठसठशीत. सौदीतल्या यान्बूच्या किनाऱ्यावर, कारखान्यांच्या दुरुस्तीची कामं घेणाऱ्या त्या कंपनीत देवनागरी वाचणारे पाच-सहा जण होते. पण कुठल्या बंदरात काय उतरवलंय आणि का, हे एकट्या सिराजुद्दीनला ठाऊक होतं. एकोणीस वर्षं.

त्याचं गुपित एक गाणं होतं. त्याची आई हफीजा दाभोळच्या घरात जात्यावर बसली की नवऱ्याचं गलबत ज्या बंदरांना लागायचं त्यांची नावं ओवीत गुंफायची.

पयलं बंदर जयगड, तिथं शीड ग सोडिलं
दुसरं बंदर दाभोळ, तिथं पाणी ग भरिलं
तिसरं बंदर हर्णै, तिथं मासळी घेतली
चवथं बंदर बाणकोट, तिथं सांज ग झाली
पाचवं श्रीवर्धन, तिथं सुपारी फोडिली

शीड म्हणून जयगडावर ताडपत्र्या, दोर, पट्टे. पाणी म्हणून दाभोळात गास्केट आणि सील, पाणी अडवणारं सगळं. हर्णैला चकाकणारे नट-बोल्ट, टोपलीतल्या मांदेल्यांसारखे. बाणकोटात दिवे आणि बॅटऱ्या. श्रीवर्धनाला छिन्न्या, हातोडे, कटर, म्हणजे जे जे फोडतं ते. कॉम्प्युटर बंद पडला तरी सिराजुद्दीन ओठातल्या ओठात ओवी म्हणत चालायचा आणि हात बरोबर वस्तूवर पडायचा. सहावा रॅक बिननावाचा होता. त्यावर काय ठेवावं हे आईनं सांगितलेलं नव्हतं.

साल दोन हजार बारा. सगळ्या कंपन्यांना सौदी सरकारकडून रंग मिळाले होते. सौदी माणसं पुरेशी असली तर हिरवा, कमी असली तर पिवळा, फारच कमी असली तर लाल. यांची कंपनी पिवळी. पिवळ्या कंपनीत सहा वर्षांपेक्षा जुन्या परदेशी माणसाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवून मिळायचा नाही. सिराजुद्दीनचा इकामा पाच महिन्यांनी संपत होता. घरी मुलीच्या, निदाच्या, नर्सिंगची दोन वर्षं उरली होती. त्याला दोनच वर्षं हवी होती, जास्त नको.

ऑफिसमधल्या उन्मेषनं त्याला बोलावून सांगितलं, "चाचा, स्टोअरकीपरच्या जागेवर आता सौदी माणूसच बसणार. माजेद नावाचा आहे. त्याला शिकवा."

"आणि मग मी?"

नाशिकचा तो तरुण मुलगा स्क्रीनकडे बघत राहिला. "तुम्ही शिकवा, चाचा. पुढचं आत्ता कसं सांगू?"

पुढचं सिराजुद्दीनला न सांगताच कळलं. म्हणूनच याआधी आलेल्या दोघांना त्यानं काही शिकवलं नव्हतं. नाही म्हटलं नव्हतं, फक्त सांगितलं नव्हतं. पहिला आठवडाभरात कंटाळून गेला. दुसऱ्यानं एकदा विचारलं की हे गास्केट येतं कुठून, तेव्हा सिराजुद्दीन म्हणाला होता, "दाभोळहून." त्या बिचाऱ्यानं ऑफिसला कळवलं आणि खरेदी विभागानं 'मेसर्स दाभोळ, इंडिया' यांच्याकडे भाव मागणारं पत्र तयार केलं. महिनाभर सगळी साइट हसत होती. तो दुसराही गेला.

"याला पण हर्णैला पाठव," खोलीतला सोबती नसरुद्दीन म्हणाला. तो महाडचा वेल्डर, जिभेला हाड नसलेला. "तुझ्याबिगर कुणाला काय सापडत नाय तोवर तुला कोण हलवतंय?"

सिराजुद्दीनचाही तोच हिशेब होता.

माजेद आला. तिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप, हातात खजुरांचा डबा. त्यानं रॅकवरची अक्षरं बोटानं चाचपून पाहिली. त्याला हिंदी येत होती, तीही चित्रपटांतली. "ये क्या लिखा है, उस्ताद?"

"नंबर है," सिराजुद्दीन म्हणाला.

खोटं बोलल्यावर त्याच्या तोंडातला खजूर गोड लागला नाही.

दोन आठवडे असेच गेले. माजेद वेळेवर यायचा, रजिस्टर उघडून बसायचा आणि कुणी काही मागितलं की उस्तादाच्या तोंडाकडे बघायचा. सिराजुद्दीन उठायचा, वस्तू काढून द्यायचा, परत बसायचा. एकदा माजेदनं स्वतः होऊन गास्केट शोधायला घेतलं. अर्ध्या तासानं तो घामाघूम होऊन बाणकोटात बॅटऱ्यांमध्ये सापडला.

ओगाता साहेब हे सगळं बघत होते. जपानहून आलेले साठीचे इंजिनिअर. आखातात अठरा वर्षं काढल्यामुळे साइटवरची हिंदी बोलायचे, व्याकरणाशिवाय. रोज दुपारच्या चहाला ते स्टोअरमध्येच येत. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वरच्या पेरापासून नव्हती, आणि त्यावरून नसरुद्दीननं सगळ्या कॅम्पात पसरवलं होतं की हा म्हातारा जपानी टोळीतला आहे, याकुझा. त्यांच्यात चुकलेल्या माणसाला बोट कापून द्यावं लागतं, सिनेमात दाखवतात.

त्या दुपारी माजेद नमाजाला गेला होता. ओगाता साहेबांनी चहाचा पेला ठेवला आणि म्हणाले, "सिराज, माजेद अच्छा आदमी. तू उसको अंधा रखता."

सिराजुद्दीनची नजर त्यांच्या करंगळीवर गेली. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, तुमचं बोट कुणी कापलं?"

ओगाता साहेब इतके हसले की चष्मा काढावा लागला. "चेन ब्लॉक, माल उठानेवाला. जपान में, चिबा में. ग्लव्हज नहीं पहना." मग त्यांनी डोळे पुसले. "लेकिन मेरा परदादा, वो जुगारी. सच में."

"तौबा, साहेब. इथं जुगाराची गोष्ट?"

"सिर्फ गोष्ट. पत्ते नहीं खेलता."

आणि त्या तोडक्यामोडक्या हिंदीत त्यांनी जे सांगितलं ते सिराजुद्दीनला सलग गोष्टीसारखं ऐकू आलं.

त्यांच्या मुलखात फार पूर्वी कालवे खणायची मोठी कामं निघत. दूरदूरचे मजूर येत. ठेकेदार संध्याकाळी मजुरी द्यायचा आणि मजुरांच्या वस्तीतच एक चटई अंथरलेली असायची. चटईवर जुगारी बसलेले, ठेकेदारानंच आणून बसवलेले. वेळूच्या पेल्याखाली दोन फासे. सम की विषम, बोला. पेला हलवणारा कमरेपर्यंत उघडा असायचा, काही लपवलेलं नाही हे दिसावं म्हणून. मजुराच्या हातात आलेले पैसे तासाभरात ठेकेदाराकडे परत. घरी जायला पैसे नाहीत, म्हणून मजूर दुसऱ्या दिवशी पुन्हा खणायला.

"या अल्ला," सिराजुद्दीन म्हणाला.

त्या चटयांवरच्या माणसांच्या पुढे टोळ्या झाल्या. म्होरक्याला बाप म्हणायचं, बाकीचे त्याचे लेक. चुकला तर करंगळीचं पेर कापून द्यायचं. का करंगळीच? तलवारीची मूठ करंगळीनं घट्ट धरतात. पेर गेलं की मूठ सैल. मूठ सैल झालेला माणूस एकटा लढू शकत नाही, मग तो बापाला आणखीच चिकटून राहतो.

"मेरा परदादा किसुके. उसका उंगली पूरा," ओगाता साहेब म्हणाले आणि आपल्या कानाला हात लावला. "लेकिन उसका कान."

किसुकेचा कान असा की पेल्याखाली फासा गडगडला की आवाजावरून तो ओळखायचा, कुठला फासा खरा, कुठल्यात शिसं भरलंय. टोळीत दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. किसुके कुणाला शिकवायचाही नाही. मी आहे तोवर बापाला माझी गरज आहे, असं त्याला वाटायचं. बारा वर्षं बसला तो त्या चटईवर. पोट भरत होतं. पण त्याला एक दिवसही सुटी नव्हती, कारण तो नसला तर खेळ बंद. आई वारली तेव्हा जाता आलं नाही.

"मग?"

"फिर उसने सिखाया. एक लडके को, सब." ओगाता साहेबांनी हात झटकले. "बाप बोला, किसुके, अब तू एक्स्ट्रा. जा. यल्ला."

किसुके चालत गावी गेला. नाव बांधायला शिकला. त्याचा मुलगा सुतार झाला, नातू यंत्रं दुरुस्त करू लागला, पणतू यान्बूत बसून चहा पीत होता.

ओगाता साहेबांनी हर्णैवरून मूठभर नट काढले आणि टेबलावर तीन ढीग मांडले. "आठ. नऊ. तीन. हमारा पत्ते का खेल. या, कु, झा. मिलाओ?"

"वीस."

"दहा का हिसाब काट दो. बचा झिरो. सबसे बेकार हात. इसलिए वो लोग का नाम याकुझा. बेकार आदमी." त्यांनी नट पुन्हा एकत्र लोटले. "किसुके भी जाते टाइम बोला, मैं अब आठ-नऊ-तीन."

सिराजुद्दीननं ते नट बोटानं मोजून पाहिले. मग एकदम हसला. "साहेब, वीस म्हणजे शून्य कुठून? आमच्याकडे वीस म्हणजे विसा. माझी आई मासळी विसावर मोजायची. वीस झाले की म्हणायची, विसा भरला, उचला टोपली. भरलेली गोष्ट आहे ती."

"विसा?" ओगाता साहेब थांबले. "तेरा विसा? इकामावाला?"

"नाही हो साहेब, तो व्हिसा निराळा." आणि दोघंही हसत सुटले. दारात उभा असलेला माजेदही काही न कळता हसू लागला.

सिराजुद्दीनचं हसू आधी ओसरलं. त्याला आठवलं, हफीजा वारली तेव्हा कारखाना महिनाभर बंद ठेवून रात्रंदिवस दुरुस्ती चालली होती. स्टोअर कोण बघणार म्हणून त्याला सोडलं नव्हतं. तेव्हा त्याला वाटलं होतं, माझ्यावाचून यांचं अडतं.

तो उठला. "माजेद, इकडे ये. ते नंबर नाहीत. मी खोटं बोललो."

"मालूम था, उस्ताद," माजेद म्हणाला. "नंबर गाते नहीं. आप चलते-चलते गाते हो."

मग सिराजुद्दीननं त्याला जयगडापुढे उभं केलं आणि आईची ओवी म्हटली, ओठातल्या ओठात नाही, मोकळ्या गळ्यानं. गलबत, शीड, पाणी, एकेका शब्दाचा अर्थ सांगत. माजेदचा चेहरा उजळला. त्याचा आजा याच किनाऱ्यावरचा नाखुदा, होडीचा मुख्य.

"नाखुदा? आमच्यात पण नाखुदाच म्हणतात," सिराजुद्दीन म्हणाला.

"तो आप पहले बोलते ना, उस्ताद! समंदर का बेटा हूं, मुझे रजिस्टर में क्यों डुबाया?"

माजेदच्या जिभेला 'ळ' काही केल्या जमेना. त्याचं दाभोळ 'दाबूल' झालं. पण गास्केट दाबूलातच सापडू लागलं.

अडीच-तीन महिने गेले. एका सकाळी उन्मेषचं बोलावणं आलं. सिराजुद्दीन निघताना पाचही रॅकांवरून हात फिरवून गेला. ऑफिसात बसला तेव्हा कमरेचा वॉकीटॉकी चालूच राहिला होता.

"स्टोअर, स्टोअर," ओगाता साहेबांचा आवाज खरखरला. "आठ इंच गास्केट. पाइप खुला है. जल्दी!"

सिराजुद्दीन अर्धा उठला. उन्मेषनं हातानं थांबवलं. माजेदनं बटण दाबून धरलं होतं बहुतेक, कारण पलीकडून पावलं ऐकू आली आणि त्यांच्या तालावर एक जाड, बेसूर आवाज: "दुसरं बंदर दाबूल, तिथं पानी ग भरिलं…" आणि लगेच, "मिल गया! आ रहा हूं!"

उन्मेषनं वॉकीटॉकीकडे बोट केलं. "हे काय होतं, चाचा?"

"माझी आई," सिराजुद्दीन म्हणाला.

उन्मेषनं स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. कंपनीच्या नावापुढे हिरवा रंग होता. "एकच सौदी माणूस कमी होता, चाचा. पण नुसता येऊन भागत नाही, काही आठवडे टिकला तरच सरकार मोजतं. आधीचे दोघं टिकले नाहीत. हा पण गेला असता तर? म्हणून तुम्हाला काही बोललो नाही. खोटी आशा कशाला."

सिराजुद्दीन त्या हिरव्याकडे बघत बसला. एकोणीस वर्षं ज्या ओवीला तो आपलं रक्षण करणारं कुंपण समजत होता, ते त्यानं आपल्याच दारासमोर घातलेलं होतं. त्या दोघांना ओवी शिकवली असती तर? लाज वाटली, आणि लाजेच्या खालून काहीतरी हलकं वर आलं.

"इकामा वाढतोय," उन्मेष म्हणाला. "आत्ता एक वर्ष, मग पुढचं. पण स्टोअरकीपर म्हणून नाही. ओगाता साहेबांनी तुम्हाला त्यांच्या टीममध्ये मागितलंय. हुद्दा मदतनीसाचा आहे. खुर्ची नाही मिळणार, चाचा."

"खुर्चीत बसून गुडघे धरलेत माझे," सिराजुद्दीन म्हणाला. "आणि रजा?"

"आता काय, माजेद आहे ना. घ्या की."

बाहेर येऊन त्यानं दाभोळला फोन लावला. शरफुन्निसानं पहिल्याच घंटीला उचलला.

"शरफू, विसा झाला!"

"कसला विसा? काय मोजताव?"

"मासळी नाय गं, माझा विसा! इकामा! रमजानला घरी येतो."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग हसू. "नीट सांगावं माणसानं. मला वाटलं, उन्हात बसून नट मोजताव."

"ते पण मोजले," तो म्हणाला. "आठ, नऊ, तीन. आल्यावर सांगतो."

स्टोअरमध्ये माजेद सहाव्या रॅकपुढे मार्कर घेऊन उभा होता. ओगाता साहेब गास्केट बसवून आले होते, कपाळावर ग्रीस.

"उस्ताद, ये खाली क्यों? इसका बंदर बोलो."

सिराजुद्दीननं मार्कर घेतला आणि देवनागरीत लिहिलं. मग तो माजेदच्या हातात परत दिला. माजेदनं त्याखाली अरबीत लिहिलं, उजवीकडून डावीकडे, आजाच्या होडीवर नाव घालावं तसं. यान्बू.

"और गाना?" ओगाता साहेबांनी विचारलं.

फोन अजून चालूच होता. शरफुन्निसा सगळं ऐकत होती. सासूबरोबर तीही त्या जात्यावर बसलेली. फोनमधून तिचा आवाज आला, जरा लाजरा, पण सुरात:

सहावं बंदर यान्बू, तिथं विसा ग भरला