उजवीकडचं एकटं

मी एक फुफ्फुस आहे. उजवं. पूर्वी असं वेगळं सांगायची गरज पडत नसे. आम्ही दोघं होतो.

आमच्यामध्ये हृदय, त्यामुळे डाव्याची नि माझी भेट कधी झाली नाही. पण एकाच श्वासनलिकेतून आलेली हवा आम्ही वाटून घ्यायचो. आमचा मालक काच फुंकणारा कारागीर. नळीच्या एका टोकाला तापलेल्या काचेचा गोळा, दुसऱ्या टोकाला आम्ही. लोक कौतुक मात्र त्याच्या फुगलेल्या गालांचं करायचे!

मग डाव्यात गाठ झाली. मालक खोकल्याचं खापर भट्टीच्या धुरावर फोडत राहिला. थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा थोरल्या बहिणीनं त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

"आजार बराच पुढे गेलाय," सर्जनबाई म्हणाल्या. "छातीतल्या ग्रंथींपर्यंत पोचलाय."

"मग कापून टाका की लगेच!"

"आत्ता सुरी लावली तर थोडा आतच राहील. अर्धवट काढून उपयोग नाही. आधी औषधं. गाठ आटली, तर बघू."

"आणि नाही आटली तर?" ताईनं विचारलं.

"मग शस्त्रक्रिया नाही. औषधंच चालू ठेवायची."

औषधांनी मालकाचे केस गेले, तोंडाची चव गेली. पण गाठ आटली. मग बाईंनी त्याला यंत्रात फुंकायला लावलं, जिने चढायला लावले. डावं पूर्ण काढलं, तर उरलेल्याला झेपेल का, हे पाहायचं होतं. म्हणजे परीक्षा माझी होती. मी जिवाच्या आकांतानं पास झालं. आणि मी पास झालं म्हणूनच माझा जोडीदार गेला.

शस्त्रक्रियेनंतरचा पहिला श्वास सगळाच्या सगळा माझ्याकडे आला. वाटून घ्यायला कुणी नव्हतं. पलीकडच्या रिकाम्या जागेत हळूहळू पाणी साचलं.

"बरा झालो ना?" मालकानं विचारलं.

"आत्ता तरी काही दिसत नाही," बाई म्हणाल्या. "परत येणारच नाही, अशी हमी मी देणार नाही. तपासायला येत राहा."

आता तो घरीच असतो. एका दमात वाक्य पुरं होत नाही. भट्टीवरचे मित्र यायचे. तो अडला की भल्या मनानं त्याचं वाक्य तेच पुरं करून टाकायचे. बहुतेक वेळा चुकीचं. हळूहळू तो बोलेनासा झाला, ते येईनासे झाले.

काल ताईचा फोन आला.

"जेवलास का रे?"

"जेवलो. ताई, मला ना..." आणि मी कमी पडलं.

ताईनं काही सुचवलं नाही, घाईही केली नाही. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता, दोन्ही फुफ्फुसांचा, भरलेला. मी धडपडून हवा ओढली.

"...भीती वाटते."

"हं," ती म्हणाली. "मलाही."

जमेल तोवर मी ओढत राहीन. पण कुणी बोलता बोलता थांबलं, तर त्याचं वाक्य त्याच्याकडेच राहू द्या. आम्हाला थोडा उशीर होतो, एवढंच.