कांडपाच्या भिंतीवरचा मीटर

मी एक जुना विजेचा मीटर आहे. नागपूरजवळच्या वाडीत, सिंधूताईंच्या मिरची-कांडपाच्या भिंतीवर माझा मुक्काम आहे. मित्रांनो, माझ्यावर कोणाचाच विश्वास नाही आणि खरं सांगायचं तर माझाही कोणावर नाही.

कारखान्यात माझ्या पोटात एक चकती बसवली. वीज जळते तशी ती फिरते. नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक झालं. उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करायला बायांची रीघ लागायची, चकती गरगर फिरायची आणि सिंधूताई पाहुण्यांना दाखवायच्या, "पाहा, धंदा कसा जोरात चालून राहिला." आजूबाजूला गोदामं वाढली, तसे मीटरही वाढले. जास्त वीज जळते तिथे भरभराट होते, असं सगळेच म्हणू लागले. मला मात्र तेव्हाच शंका आली होती.

यंदा चकती पूर्वीपेक्षा जोरात फिरू लागली, पण मिरचीची पोती कमीच येत होती. सिंधूताईंच्या मनात पाल चुकचुकली. मागच्या खोलीत प्रशिक भाड्यानं राहायचा. तो गोदामात हमाली करी. त्याच्या खोलीची वीज माझ्यातूनच जायची.

"काहून गा, चोरून विजेची शेगडी लावून राहिला काय?" ताईंनी दारात जाऊन विचारलं.

"मावशी, एक बल्ब अन् एक पंखा आहे. आत येऊन पाहा."

"मले शिकवू नको. दुसरी खोली शोध."

प्रशिकनं आपल्या खोलीचा खटका बंद केला. चकती तशीच धावत राहिली. मग त्यानं कांडपाचा खटका बंद केला आणि चकती जागच्या जागी थांबली.

ताईंनी कांडपाच्या मोटारीवरचं गोणपाट उचललं. तिखट आत जाऊ नये म्हणून त्यांनीच ते मायेनं गुंडाळलं होतं. त्याखाली हवेवाचून तापून मोटार जड झाली होती. वीज नुसती जळत होती, तिखट काही जास्त निघत नव्हतं.

"माही चूक झाली गा. राहा इथंच," ताई म्हणाल्या.

"राहून काय करू, मावशी? उद्या चकती जोरात फिरली तं तुम्ही पुन्हा माह्याच दारात याल." प्रशिकनं गादी गुंडाळली आणि तो गेला. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, यंत्राला मोकळी हवा द्या, वेळच्या वेळी तेलपाणी करा. वीज किती गेली ते मी सांगेन, पण कशात गेली ते स्वतः उठून बघा, आणि कोणाकडे बोट दाखवण्याआधी बघा.

मोटार आता दुरुस्त झाली आहे. मागची खोली रिकामीच आहे. ताई येता-जाता माझ्याकडे पाहतात. प्रशिक गेल्यापासून त्याच्या खोलीचा दिवा लागत नाही, आणि माझ्या आकड्यांत त्यानं काहीच फरक पडलेला नाही.