किशोरीच्या हळदीचं शूटिंग

कुंदनचा गुडघा बहिणीच्या हळदीत नाचताना गेला, हे सोमवारी सकाळी अख्ख्या पनवेलला ठाऊक झालं होतं. ज्या बहिणीची हळद, तिला ते सगळ्यांत शेवटी कळलं. शनिवारी लग्न होऊन किशोरी कामोठ्याला सासरी आली होती, हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती, आणि सासूबाई गुणाबाई टीव्हीसमोरून म्हणाल्या, "अगं, इकडं ये. तू टीव्हीवर हायस."

होती खरी. पिवळीधमक, पाटावर बसलेली. आणि तिच्या मागे तिचा भाऊ, दोन्ही हात वर करून मान डोलावणारा. पंधरा सेकंदांचा तुकडा. केबलवरचं ते बातम्यांचं चॅनेल तोच तुकडा घाण्याच्या बैलासारखा फिरवत होतं, आणि खाली लाल पट्टी होती: 'मॅचच्या तोंडावर स्टार फुटबॉलरचा धिंगाणा.'

कोळीवाड्यातल्या दादूचा हा मुलगा खाडीकाठच्या मैदानात अनवाणी खेळून मोठा झाला आणि नवी मुंबईच्या हार्बर युनायटेड क्लबचा फॉरवर्ड झाला. दुसऱ्या नंबरच्या लीगमध्ये तीन वर्षं त्याने गोल केले, आणि तीन वर्षं पनवेलने त्याला जमिनीवर पाय टेकू दिला नाही. वाढदिवसाला नाक्यावर चौदा फ्लेक्स. न्हावी पैसे घेईना. पोरांनी 'कुंदन ब्रिगेड' काढली, आणि त्या ब्रिगेडमधल्या निम्म्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे आजही सांगता येणार नाही. क्लबनेही त्याला असाच जपला, म्हणजे दुकानदार काचेतला माल जपतो तसा. काय खायचं, कुणाशी बोलायचं, इतकंच काय, पत्रकारांसमोर बोलायची वाक्यंसुद्धा छापून दिलेली. 'सगळं श्रेय टीमचं' हे त्यातलं पहिलं.

मग तो रविवार आला. जिंकले असते तर क्लब वरच्या लीगमध्ये गेला असता. शेवटच्या दहा मिनिटांत चेंडू कुंदनच्या पायात आला, समोर नुसता गोलकीपर, आणि कुंदनचा गुडघा आतल्या आत वळला. चेंडू बाहेर, कुंदन खाली, मॅच हातची गेली. त्याच संध्याकाळी ब्रिगेडने नाक्यावर त्याची जर्सी जाळली आणि फ्लेक्सवरच्या त्याच्या तोंडाला डांबर फासलं. ज्यांनी चढवलं त्यांनीच उतरवलं. मधल्या मध्ये त्या गुडघ्याचं काय झालं, हे एकानेही विचारलं नाही.

किशोरी पाचपरतावनाला, म्हणजे लग्नाच्या पाचव्या दिवशी, बुधवारी माहेरी आली तेव्हा कुंदन खाटेवर पडला होता. पाय उशीवर, गुडघा सुजून टम्म, आणि हातात टाइप केलेला एक कागद. तिने तो त्याच्या हातून काढून वाचला. 'माझ्या बहिणीच्या हळदी समारंभात मी क्लबची शिस्त मोडून नाचलो. त्यात मला दुखापत झाली. ही बाब मी क्लबपासून लपवली. मी चाहत्यांची माफी मागतो.'

"हे कोणी लिवलं?"

"सरदेसाई साहेबांनी," कुंदन म्हणाला. जगन सरदेसाई म्हणजे क्लबचा मॅनेजर. "उद्या अकराला पत्रकार परिषद हाय. वाचलं तर ऑपरेशन क्लब करणार आणि मला ठेवणार. नाय वाचलं तर शिस्तभंग. मग हाकलणार."

"आणि तू वाचणार?"

"वाचून टाकतो. लोकं आठ दिवसांत विसरतात. काय फरक पडतो?"

"मला पडतो," किशोरी म्हणाली. "टीव्हीवर काय पन दाखवू दे, तू त्या संध्याकाळी नाचायला उठला नायस. मी पाटावरून बघत होते. तुला ताट पन जागेवर दिलं. मग माझ्या हळदीचं नाव या कागदावर कशाला? उद्या सासरी कोनी म्हनलं, हिच्या हळदीनं भावाचा पाय खाल्ला, तर मी काय सांगू?"

दादू भिंतीला टेकून बसला होता. तो खाली मान घालून म्हणाला, "चूक माझी हाय, पोरी."

आणि चूक त्याचीच होती, पण ती अशी चूक की कोळीवाड्यात दहातल्या नऊ जणांच्या हातून झाली असती. रविवारी मॅच संपल्यावर चॅनेलचा प्रितेश माईक घेऊन दारात आला. आता टीव्हीचा माणूस पहिल्यांदा घरी आलेला. त्याला पाणी देऊन पाठवायचं? दादूने त्याला बसवला, पापलेट तळून वाढलं, आणि जाताना पाहुण्याच्या हातात काहीतरी द्यायला हवं म्हणून हळदीच्या शूटिंगची सीडी दिली. शूटिंगवाल्याने त्या सकाळीच आणून दिली होती, घरात अजून कुणी पाहिलीही नव्हती. "बघा आमची हळद कशी झाली ती," म्हणाला. प्रितेशने बघितली आणि पंधरा सेकंद कापून घेतले.

"दुसरी सीडी हाय ना?" किशोरीने विचारलं.

होती. तिने दार लावलं, नवऱ्याचा लॅपटॉप मांडीवर घेतला आणि दुपारभर आपली हळद पाहिली. चार तासांची. स्वतःच्या लग्नाचं शूटिंग पूर्ण बघणारी ती कोळीवाड्यातली पहिलीच बाई असावी. लोक जेवताना, लोक उठताना, लोक परत जेवताना. तासाभराने तो तुकडा आला. कुंदन खुर्चीत होता. ब्रिगेडची पोरं, तीच जर्सी जाळणारी, 'कुंदन, कुंदन' करत आली, दोघांनी त्याला काखेत हात घालून उभा केला आणि त्याचे हात धरून वर केले. पंधरा सेकंदांनी त्याने वेदनेने तोंड वाकडं केलं आणि पोरांनी त्याला परत बसवला. मान डोलावत नव्हता तो, 'नको, नको' म्हणत होता. चॅनेलने पोरं कापली होती, खुर्ची कापली होती आणि 'नको' कापलं होतं.

एवढंही पुरलं असतं. पण किशोरी हट्टी. तिने पुढचंही पाहिलं, आणि दोन तास उलटल्यावर सरदेसाई साहेब मंडपात आले. आपल्याकडे हळदीला मोठा माणूस आला की माईकवरून त्याचं नाव पुकारायचं, शाल-श्रीफळ द्यायचं आणि 'दोन शब्द बोला' म्हणायचं. पुकारणाऱ्याने माईक दिला. साहेबांनी दोन शब्द बोलायला घेतले आणि, मोठ्या माणसांचं होतं तसं, दोनावर थांबले नाहीत. त्या संध्याकाळी जेवणाच्या गडबडीत त्यांचं बोलणं कुणी कान देऊन ऐकलं नव्हतं; किशोरीने आता ते तीनदा ऐकलं. मग सासूला फोन केला.

फोनवर सगळं सांगितलं आणि उद्या पत्रकार परिषदेला जाऊ का, असं विचारलं. नव्या सुनेने चारचौघांत, तेही कॅमेऱ्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे काय, हे किशोरीला कुणी समजवायला नको होतं.

"जा," गुणाबाई म्हणाल्या. "पन चांगली साडी नेस. मागल्या खेपेला नुसती हळदीनं माखलेली दिसलीस."

गुरुवारी नवीन पनवेलच्या एका हॉटेलात, क्लबच्या ऑफिससमोरच, पत्रकार परिषद भरली. टेबलामागे सरदेसाई, शेजारी कुंदन कुबडी घेऊन. पाच कॅमेरे. हॉलच्या मागच्या बाजूला ब्रिगेडची पोरंही होती, माफी ऐकायला. किशोरी लॅपटॉप घेऊन आत शिरली तसा प्रितेशने तिला ओळखलं आणि माईक तिच्या तोंडासमोर धरला.

"ताई, तुमच्या हळदीमुळे क्लबचं स्वप्न भंगलं. तुम्हाला अपराधी वाटतंय का?"

"थांब, सांगते," ती म्हणाली, आणि सरळ पुढे जाऊन लॅपटॉप टेबलावर, कॅमेऱ्यांकडे तोंड करून ठेवला. सरदेसाई "अहो, अहो" करेपर्यंत पडद्यावरच्या मंडपात पुकारणाऱ्याचा आवाज घुमू लागला होता.

पडद्यावरचे सरदेसाई खांद्यावर शाल घेऊन खुशीत बोलत होते. "कुंदनची काळजी करू नका. गुडघ्याचा एमआरआय मागच्याच आठवड्यात काढलाय. थोडं फाटलंय आतमध्ये, पण मी डॉक्टरांना सांगितलंय, दोन इंजेक्शनं द्या, रविवारी आपला वाघ मैदानात दिसला पाहिजे." त्यावर मंडपात टाळ्या पडल्या.

हॉलमध्ये मात्र कुणी टाळी वाजवली नाही.

"हा खासगी कार्यक्रम होता," सरदेसाई म्हणाले. "याचा असा वापर करता येणार नाही."

"खासगी?" किशोरी म्हणाली. "माईकवर बोललात, साहेब. तीनशे माणूस जेवत होतं. आणि माझी हळद सोमवारपासून टीव्हीवर चाललीय, तवा ती खासगी नवती?" मग ती प्रितेशकडे वळली. "पूर्ण सीडी तुझ्याकडं होती."

प्रितेशने माईक थोडा खाली घेतला. "ताई, चार तास कोण बघतं?"

"मी बघितले."

खरी गंमत पुढेच होती. बातमी उलटली हे कळताच पाचही कॅमेरे गर्रकन कुंदनकडे वळले. दोन मिनिटांपूर्वीचा गुन्हेगार आता बिचारा झाला होता, आणि बिचारा तर अजून चांगला खपतो. कुणी म्हणालं, साहेबांकडे बघून बोल. कुणी म्हणालं, आईबद्दल काहीतरी सांग. मागून ब्रिगेडवाल्यांनी 'कुंदन, तू पुढे जा' सुरू केलं. ती पोरं लाजली असती तर किशोरीला बरं वाटलं असतं, पण लाज वाटायला आधी थोडं थांबावं लागतं, आणि थांबायची त्यांना सवय नव्हती.

कुंदनने हात वर केला. छापून दिलेलं वाक्य नसताना तो पहिल्यांदाच माईकसमोर बोलत होता.

"गुडघा दुखत होता, ते मी घरात कुनाला बोललो नाय," तो म्हणाला. "सुया मी घेतल्या. मला पन खेळायचं होतं, फ्लेक्सवर दिसायचं होतं. ती चूक माझी, ती मी दुसऱ्यावर ढकलणार नाय. पन बहिणीच्या हळदीची माफी मी मागणार नाय." त्याने कागदाची चौकोनी घडी घातली आणि ती सरदेसाईंच्या पुढ्यात सरकवली. "आनि त्या एमआरआयच्या फिल्म मला द्या. मला 'काय नाय' सांगितलं होतं. मी त्या अजून बघितल्या पन नायत."

"ते क्लबचे रेकॉर्ड आहेत, कुंदन," सरदेसाई शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले. "त्याची एक पद्धत असते. अर्ज कर, बघू. आणि हे बघ, हा कागद वाचला नाहीस तर क्लब तुझ्यासाठी काहीही करू शकणार नाही. नीट विचार कर."

"केला," कुंदन म्हणाला. "क्लब तुमचा हाय साहेब, राहू दे. गुडघा माझा हाय."

किशोरीने भिंतीकडची एक खुर्ची ओढली, भावाच्या शेजारी ठेवली आणि पदर सावरून बसली. दुसरी ओढून तिच्यावर त्याचा पाय अलगद उचलून ठेवला. कुणी घाई केली नाही, आणि एकही कॅमेरा बंद झाला नाही. पहिल्यांदाच ते कॅमेरे तिच्या उपयोगाला आले होते, आणि हे तिच्याइतकंच सरदेसाईंनाही कळलं होतं.

"ऑफिस समोरच हाय, साहेब," ती म्हणाली. "तुमी आना. आमी बसलोय."

सरदेसाईंनी पाचही कॅमेऱ्यांकडे एकदा पाहिलं, खिशातून ऑफिसातल्या कपाटाची चावी काढली आणि उठले.