मौनाचे दिवस

पूर्णगडची सकाळ धक्क्यावर सुरू होते. रात्री गेलेल्या होड्या खाडीत शिरतात, टोपल्या उतरतात, बांगडा एकीकडे, तारली दुसरीकडे असे ढीग पडतात आणि लिलाव पुकारला जातो. मी शाळेत विज्ञान शिकवायला जाते ती याच वाटेने. २००५ सालच्या नोव्हेंबरातल्या त्या सकाळीही लिलाव नेहमीसारखा झाला. पण त्यानंतर माणसे घरी गेली नाहीत. हातात नारळ घेऊन ती धक्क्यालगतच्या, दर्यानाथ महाराजांच्या मठासमोर रांगेत उभी राहिली.

महाराज नारळी पौर्णिमेनंतर गावात आले होते. ते होडीच्या तांडेलाला, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाला, आत बोलावीत आणि त्याच्या कानात दिशा सांगत. त्या दिशेला गेलेली होडी बहुतेक वेळा भरून येई. हे खोटे नव्हते. ढीग मी डोळ्यांनी पाहत होते.

"दर्या माझा पिता! लाटा माझ्या भगिनी!" महाराज पायरीवर येऊन गर्जत. "पाताळातली मासळी मला विचारून मुक्काम हलवते!"

"मग भगिनींस जरा सांगा, माझं जाळं फाडू नका म्हणून," रांगेतून नझीरभाय पुटपुटला. नझीरभाय जुना तांडेल. आखातातली नोकरी सोडून परत आलेला. हसले कुणी नाही.

कधी कधी महाराज मौन धरीत. मठाचे दार बंद राही, बाहेर शिष्य सांगे, "आज दर्या रुसला आहे." माणसे मग आपण कुठे चुकलो याचा विचार करीत परतत.

निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायचे नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. विचारले की काम बिघडते, अशी समजूत. महाराजांनी त्यावर आणखी एक गाठ मारली होती: कानातली दिशा बाहेर फुटली, तर कृपा गेली. म्हणून कुणीही कुणाला काही विचारले नाही. समुद्रावर होड्या एकमेकींना दिसत, तेव्हा प्रत्येकाला वाटे की दुसरा आपल्या मागावर आला आहे.

त्या सकाळी रांगेत कमळा उभी होती. तिचा नवरा धोंडू स्वतः तांडेल. पण ती माशांसाठी आली नव्हती. तिच्या हाताला धरून माझ्या सातवीच्या वर्गातली मृणाली उभी होती. मृणालीला लहानपणापासून फिट येत. रत्नागिरीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या. आदल्याच आठवड्यात मात्र फळ्यावर गणित सोडवता सोडवता ती कोसळली. खडू तिच्या मुठीत तसाच राहिला होता.

"कमळाताई, गोळ्या चालू आहेत ना?" मी विचारले.

"महाराजांनी बंद करायला सांगितल्यान. गोळीनं कृपा लागत नाय."

"अहो, पण गेल्या आठवड्यात ती वर्गात पडली!"

कमळाने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता, भीती होती. "बाई, तुमी शिकलेल्या. पण मला सांगा, ज्याला दर्याच्या पोटातलं दिसतं, त्याला माझ्या पोरीच्या डोक्यातलं दिसणार नाय?"

या प्रश्नाने मला दिवसभर छळले. तिचा तर्क सरळ होता. पाया चुकीचा होता. त्या पायालाच हात घालायला हवा होता. समुद्रातले मासे किनाऱ्यावरून कसे कळतात?

शाळेला नुकताच संगणक मिळाला होता. फोनच्या तारेवर, रडतखडत, त्यावर इंटरनेट चाले. मी मासळी आणि समुद्र यांवरचे संशोधन शोधू लागले. एकामागून एक निबंध सारांश दाखवून थांबत. पुढचे वाचायचे तर पैसे भरा, किंवा मोठ्या विद्यापीठाचे सभासद असा. शेवटी एक निबंध पूर्ण उघडला. लिहिणाऱ्यांत एकजण उपग्रहांचा अभ्यासक होता, एक समुद्रविज्ञानाची, एक माशांचा जाणकार. उपग्रह समुद्राचा रंग आणि उष्णता मोजतो. जिथे हिरवे, वनस्पतिकणांनी भरलेले पाणी निळ्या पाण्याला भिडते, त्या सीमेवर मासळी जमते. रोजचे नकाशे कुठे मिळतात, तेही लिहिले होते. तळाशी एक ओळ होती: हे कुणीही वाचावे, छापावे, वाटावे.

ती ओळ वाचून आनंद व्हायला हवा होता. मला अस्वस्थच वाटले. ज्या ज्ञानाला त्या संशोधकांनी कुलूप लावले नव्हते, त्याला आमच्या गावात मठाची कडी लागली होती. महाराज समाधी लावतात त्या खोलीत फोनची तार जाते, हे सगळ्यांनी पाहिले होते. दर्याशी बोलायला तार कशाला, हे कुणी विचारले नव्हते.

पुढच्या स्वच्छ सकाळी मी नकाशा पाहिला, किनाऱ्याच्या तक्त्यावरून तिथल्या पाण्याची खोली वावांत, म्हणजे पसरल्या हातांच्या मापात, काढली, शाळेतल्या लहान फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि मठ उघडण्यापूर्वी तो धक्क्यावर भिंतीकडे तोंड करून ठेवला.

नझीरभाय आत जाऊन आला. मी मुद्दाम सगळ्यांसमोर विचारले, "नझीरभाय, कुठे?"

"बाई, अवलक्षण करू नका!" रांगेतून कुणीतरी ओरडले.

नझीरभाय मोठ्याने म्हणाला, "नैर्ऋत्येस. वीस वाव पाण्यात."

"काय?" धोंडू पुढे आला. "मलाही तेच सांगितल्यान!"

"आणि मला!" मागून तिसरा म्हणाला.

मी फळा फिरवला. त्यावर तेच लिहिले होते: नैर्ऋत्येला, वीस वाव.

गलका ऐकून महाराज बाहेर आले. त्यांनी फळा वाचला. क्षणभरच चेहरा उतरला, आणि लगेच दोन्ही हात आकाशाकडे गेले. "धन्य! बाईंच्या ठायीही दर्याची कृपा उतरली!"

एक म्हातारी वाकून माझ्या पायांना हात लावू लागली. मी मागे सरले, तशी आणखी दोघी आल्या. मी लबाडी उघडी पाडायला आले होते आणि गावाला दुसरा महाराज देऊन बसले होते.

"माझ्या अंगात काही नाही हो!" मी म्हणाले. "उद्या शाळेत या. नकाशा मी वाचणार नाही, तुम्ही वाचा."

दुसऱ्या दिवशी फक्त धोंडू, कमळा आणि मृणाली आली. नझीरभाय दारात टेकून उभा राहिला. पडद्यावर नकाशा हळूहळू उतरत होता. मी रंगांचा अर्थ सांगितला. धोंडूने काचेवर बोट टेकवले. "ह्यो आपला किनारा. आणि ह्ये काळं काय? सगळा दर्याच काळा!"

"ढग आहेत. उपग्रहाला ढगांतून रंग दिसत नाही. आज नकाशात काही नाही."

धोंडू खिडकीपाशी गेला. आकाश भरून आले होते.

"कमळे," तो म्हणाला, "आज मठाचं दार बंद हाय. महाराजांचं मौन."

"आणि गेल्या खेपेला?" नझीरभायने विचारले.

"तवाही आभाळ होतं. त्याच्या आधीही." धोंडू खिडकीपासून वळला. "दर्या रुसला म्हणून मी पोरीला घेऊन बसलो होतो उपाशी."

कमळाने विचारले, "बाई, ह्या नकाशात माझ्या पोरीचं काय दिसतं?"

"काही नाही, कमळाताई. हा पाण्याच्या रंगाचा नकाशा आहे. मासे खरे मिळाले; पण एक गोष्ट खरी ठरली, म्हणून तोच माणूस सांगेल ती दुसरीही खरी, असे होत नाही. 'तुम्हाला हे कसे कळले?' एवढे प्रत्येकाला विचारा. मलाही विचारा. उत्तर न देता जो रागावतो, त्याच्या हाती मुलगी देऊ नका."

ती मृणालीच्या केसांतून हात फिरवीत राहिली.

मठ लगेच ओस पडला नाही. आजही काहीजण नारळ घेऊन जातात. मी मात्र रोज सकाळी लिलावाच्या शेडमध्ये नकाशा चिकटवते. ढग असले की 'आज दिसत नाही' एवढेच लिहिते.

त्या ढगाळ दिवसानंतर, त्याच आठवड्यातल्या एका सकाळी धक्क्याजवळ कमळा समोरून आली. अंगावर धुतलेले लुगडे, काखेत पिशवी, सोबत मृणाली. दोघी एसटीच्या थांब्याकडे निघाल्या होत्या. रिवाज आठवून मी काही विचारले नाही.

कमळाच थांबली. टोपल्या उतरवणाऱ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रत्नागिरीस जातो, बाई. डॉक्टरकडं."

आणि मुलीचा हात धरून ती चालू लागली.