नितळ पाण्याची लाज

"अगं बाई, बादलीचा तळ दिसतोय! पाणी आहे की हवा?"

मित्रांनो, हा आवाज मी ऐकला, त्याला फार वर्षं झाली. माझ्या तोंडातून पहिली धार पडली, तेव्हा बेकरीवाल्याच्या आईनं बादलीत डोकावून हे उद्गार काढले होते. मग तिनं ओंजळ भरली, डोळे मिटून प्यायली आणि ओल्या हनुवटीनं म्हणाली, "सुटलो गं. आता लेकरांच्या पोटाची काळजी नाही." तिचा तो सुटकेचा आवाज मी दागिन्यासारखा जपला. पुढे तोच मला टोचू लागला.

मी गल्लीच्या टोकाला उभा असलेला जुना हापसा. अंग लोखंडाचं, दांडा लांब, तोंड पुढे काढलेलं. एका ओतशाळेत, वाळूच्या साच्यात माझा जन्म झाला. साचा किंचित सरकला आणि माझ्या मानेवर एक टेंगूळ राहिलं. ओतारी घासून घासून दमला. शेवटी म्हणाला, "गालगुंड झालंय याला. राहू दे, पाणी काय मानेतून यायचंय?" असा मी थोडा कुरूप, पण धडधाकट, या गल्लीत आलो.

माझ्या आधी इथे उघडी विहीर होती. तिच्यात पानं कुजत, बेडूक पोहत, आणि उन्हाळा आला की घरोघरी लहान मुलं जुलाबानं कोमेजत. काही पाळणे तर रिकामेच झाले होते. म्हणून बोअर मारणारं मशीन आलं. पाइप मातीतून गेला, चिकणमातीतून गेला, आणि खालच्या बारीक करड्या वाळूत जाऊन टेकला. तिथे पाणीच पाणी होतं. सगळ्यांना आनंद झाला. ते पाणी इतकी वर्षं कुणाच्या कुशीत निजलं होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. विहीर बुजवली गेली.

मग माझे लाडाचे दिवस आले. कुणी माझ्या सांध्यात तेल सोडी, कुणी वायसर बदली. दांडा वरखाली होई तशी बायकांची गाणी चालत:

दांडा हापसते बाई, दांडा कुरकुर बोले,
जिवाची गं तहान, पाणी वरवर चाले.

मी ऐटीत कुरकुरत असे. गल्लीतली सगळी माणसं मला तळहातांवरून ओळखू येत. बेकरीवाल्याचे हात पिठानं मऊ, गवंड्याचे चुन्यानं खरखरीत. सगळ्यांत हलके हात होते शिवणकाम करणाऱ्या आत्याचे. ती कुणा एकाची आत्या नव्हती, अख्ख्या गल्लीची होती. रेशमाचं कापड तिच्या हातांतून पाण्यासारखं वाही.

वर्षं सरली, आणि त्याच हातांत मला काहीतरी खुपू लागलं. आधी एक बारीक दाणा. मग दुसरा. मग तळहातभर कठीण दाणे, जणू कुणी कातडीखाली मोहरी पेरली होती. दांडा धरताना ती ओठ दाबू लागली. तिच्या खिडकीतून मला दिसे: रेशीम तिच्या हाताला अडके, धागा निघे, आणि ती आजूबाजूला बघून तो पटकन कात्रीनं कापून टाके.

आणखी काही हातही तसेच होऊ लागले होते. बेकरीवाल्याच्या बायकोचे. गवंड्याचे. पण प्रत्येकजण आपापली मूठ मिटून घरी जाई. प्रत्येकाला वाटे, हे आपलं एकट्याचंच दुखणं, कसला तरी लागट रोग, कळला तर माणसं दारात उभं करणार नाहीत. मला सगळ्यांचं कळत होतं. पण माझ्या तोंडातून फक्त पाणी येतं, मित्रांनो. आणि तेव्हा तर तेच यायला नको होतं.

एका हिवाळ्यात आत्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आली. आली ती हातमोजे घालूनच.

"आत्या, हातमोजे कशाला? चोरी करायला निघालीस की काय?" बेकरीवाल्यानं विचारलं. तो बोलायला लागला की शेजारच्या घरातली भांडी हादरत, म्हणून त्याला सगळे 'तोफ' म्हणत.

"थंडी सोसत नाही रे मेल्या," आत्या म्हणाली.

उन्हाळ्यातही तिला थंडी सोसेना.

त्याच सुमारास तिच्या सुनेला दिवस गेले. तेव्हापासून आत्याची नवीनच तऱ्हा सुरू झाली. सकाळी माझ्याकडून मोठं पातेलं भरून नेई, ते चुलीवर चढवी आणि पाणी निम्मं होईपर्यंत आटवी. खिडकीच्या काचा वाफेनं भरून जात. मग ते आटलेलं पाणी गार करून सुनेच्या हाती देई आणि शेवटचा घोट संपेपर्यंत समोरून हलत नसे. सून हसून पिऊन टाकी. मला वाटे, केवढी ही माया!

मग पाणी तपासणारी बाई आली. तिनं माझं पाणी बाटलीत घेतलं, त्यात पुडी टाकली, झाकणात कागदाची पांढरी पट्टी अडकवली आणि पायरीवर बसून राहिली. पट्टी पिवळी पडली. मग पिकल्या पानासारखी तपकिरी झाली.

"या पाण्यात आर्सेनिक आहे, खालच्या वाळूतून उतरलेलं विष," ती म्हणाली.

"बाई, पाणी बघा तरी," तोफ म्हणाला. "तुमच्या चष्म्यापेक्षा नितळ आहे!"

"दिसत नाही म्हणून तर मला यावं लागतं, काका. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही."

"मग आहे कशावरून?"

"ही पट्टी बघा ना."

"कागद काय हो, नुसतं कावीळ नाव ऐकलं तरी पिवळा पडेल!"

गल्ली खो खो हसली. बाईनं माझ्या तोंडाला लाल रंग लावला, लाल म्हणजे पिऊ नका, असं सांगितलं आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे नेला. ती वळणावर दिसेनाशी होताच तोफ रॉकेलचं फडकं घेऊन आला. "माझ्या हापशाला लिपस्टिक लावून गेली," म्हणाला आणि रंग पुसून टाकला. मला तो लाल रंग हवा होता. त्या फडक्याखाली मी किती शरमलो, काय सांगू! बेकरीवाल्याच्या ज्या आईला मी सोडवलं असं वाटत होतं, तिच्याच मुलाच्या पिठात मी रोज विष कालवत होतो.

आज मला कुणी पिण्यासाठी हापसत नाही. पिण्याचं पाणी लांबच्या तपासलेल्या नळावरून येतं, आणि माझ्यावर फक्त चिखलाचे पाय आणि पायपुसणी धुतली जातात. मला तेही चालतं. आत्याचा नातू त्या नळाच्या पाण्यावर वाढतोय. हातापायानं धड आहे आणि आवाजात तोफेला मागे टाकील. आत्या मात्र अजून त्याच्या चिमुकल्या मुठी उघडून उघडून बघते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या दाराशी हापसा असेल, बोअर असेल, तर त्याच्या नितळपणावर भाळू नका. पाणी तपासून घ्या, आणि काही काळानं पुन्हा तपासा. आर्सेनिकसारखे जड धातू शरीरात गुपचूप साठत राहतात. आधी कातडीवर ठिपके नि दाणे उठतात, पायांना मुंग्या येतात. पुढे आतली इंद्रियं पोखरली जातात, कर्करोगही होतो. कुणी लाल रंग लावला तर तो पुसू नका. आणि अंगावर काही उमटलं तर मूठ मिटून बसू नका. ती मूठ उघडताना काय होतं, ते मी पाहिलं आहे. तेवढं सांगतो आणि थांबतो.

बाई प्रयोगशाळेचा निकाल घेऊन परत आली, त्या दिवशी सगळी गल्ली माझ्याभोवती जमली होती. आत्या मागे, भिंतीला टेकून उभी होती. शेजारी सून, पोटावर हात ठेवून.

"आर्सेनिक मर्यादेच्या कितीतरी वर आहे," बाई म्हणाली. "कुणाच्या तळहातांवर कठीण दाणे आहेत का? छातीवर ठिपके? हा रोग लागट नाही. एकाचा दुसऱ्याला होत नाही."

एकदम सगळ्यांचे हात कामाला लागले. कुणी बटण लावू लागलं, कुणी मुलाचं नाक पुसू लागलं. तोफेच्या बायकोनं हात पाठीमागे नेले.

"आमच्या गल्लीत तसलं काही नाही," तोफ म्हणाला. "पुन्हा रंग लावलात, तर मी पुन्हा पुसेन."

माणसं माना डोलावू लागली. माझं लोखंड गार पडलं. आता पुन्हा बादल्या भरणार, पुन्हा मी ओतत राहणार.

तेवढ्यात सून सहज म्हणाली, "आणि आम्हाला तर काळजीच नाही. आई मला पाणी अगदी निम्मं होईपर्यंत आटवून देतात."

बाईचा चेहरा पडला. "उकळू नका हो! उकळून जंतू मरतात, आर्सेनिक मरत नाही. वाफ होऊन जातं ते पाणी, आर्सेनिक पातेल्यातच राहतं. निम्मं आटवलंत, तर घोटाघोटाला दुप्पट होतं."

आत्या भिंतीवरून खाली घसरत बसली. सून घाबरून वाकली. आत्यानं आधी एक हातमोजा ओढून काढला, मग दुसरा, आणि दोन्ही हात सगळ्यांसमोर उताणे धरले. ती बघत होती फक्त सुनेकडे.

"मला ठाऊक होतं गं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी त्या हिवाळ्यातच सांगितलं होतं, हे पाण्यानं झालंय, गल्लीला सांगा, हापसा बंद करा. मी नाही सांगितलं. म्हटलं, असले हात बघून कपडे कोण टाकणार माझ्याकडे? वाटलं, उकळलं की जाईल... तुझ्यापुरतं तरी जाईल. आणि रोज मीच तुला ते पाजत होते पोरी, याच हातांनी, दाट करून."