नकाशावरचं हिरवं खोरं

"हिरवा रंग जरा ठळक येऊ दे," साहेब म्हणाले. "चौकशी अधिकाऱ्यांना लांबून दिसला पाहिजे."

नकाशावालीने नुसती मान हलवली. रेडिओच्या मुख्य कचेरीत तिला सगळे याच नावाने हाक मारत. कुठल्या मनोऱ्याचा आवाज कुठवर पोहोचतो याचे नकाशे संगणकावर काढायचे, हे तिचं काम. मनोरा कुठे उभा आहे, किती उंच आहे, किती ताकदीचा आहे हे आकडे भरले की सॉफ्टवेअर मधल्या डोंगरदऱ्यांचा हिशेब करून नकाशा रंगवतं. आवाज पोहोचतो तिथे हिरवा रंग, नाही तिथे करडा. लोकांसाठी वेबसाइटवरही सोय होती. आपल्या गावाचं नाव टाकलं की तिथे रेडिओ नीट लागतो की नाही, याचं उत्तर मिळे.

साहेबांना हवा होता तो नदीच्या खोऱ्याचा नकाशा. गेल्या महिन्यात धरणाचं पाणी सोडलं, तेव्हा खोऱ्यातली एक बाई वाहून गेली. पाणी सोडण्याआधी रेडिओवर सूचना दिली होती, तीही पुन्हा पुन्हा. नकाशावर खोरं हिरवंगार. तेव्हा मृत महिलेने रेडिओ लावलाच नसणार आणि दोष तिचा तिलाच, असं साहेबांचं म्हणणं होतं.

मृत महिला म्हणजे नकाशावालीची सख्खी वहिनी. साहेबांना ते ठाऊक होतं. रजा त्यांनीच मंजूर केली होती, वाईट झालं असंही म्हणाले होते. आणि आता तिच्याच हातून हा नकाशा काढून घेताना त्यांना काडीचीही लाज वाटत नव्हती. ती आपल्या जागेवर गेली.

मोठ्या कागदावर नकाशा छापला की त्याच्या खाली मनोऱ्याचे सगळे आकडेही छापून येतात. कडा कापायला ती वाकली आणि कात्री हातातच राहिली. 'जमिनीपासून खांबाची उंची' या रकान्यात सहाशे पंचाहत्तर मीटर लिहिलं होतं. खांब पंचाहत्तर मीटरचा आहे हे कचेरीतला शिपाईसुद्धा सांगेल. बाकीचे सहाशे, खांब ज्या डोंगरावर उभा आहे त्याचे. समुद्रसपाटीपासूनची उंची कोणीतरी भलत्याच रकान्यात भरली होती. डोंगराची उंची सॉफ्टवेअर आपण होऊन धरतंच, म्हणजे डोंगर दोनदा मोजला गेला. डोंगराच्या डोक्यावर आणखी एक डोंगर ठेवून त्यावर खांब रोवला, तर त्याला पलीकडचं खोरं दिसणारच.

कोणीतरी कशाला, नोंद कोणी केली तेही तिथेच होतं. दोन वर्षांपूर्वी नव्या सॉफ्टवेअरचं उद्घाटन झालं, तेव्हा फोटोसाठी खुर्चीत बसून साहेबांनी मुख्य मनोऱ्याची पहिली नोंद स्वतः केली होती. टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही होती. साहेबांनी भरलेला आकडा तपासून पाहायची छाती कोणाची होती?

पुढचं सगळं तिला माहीतच होतं, फक्त आता ते एका ओळीत उभं राहिलं. मुख्य मनोरा खोऱ्यात पोहोचतो असं नकाशा म्हणाला, म्हणून खोऱ्यातलं छोटं प्रक्षेपण केंद्र जास्तीचं ठरवून बंद केलं. लोकांनी रेडिओ लागत नाही अशा तक्रारी केल्या, तर कचेरीने वेबसाइटवर त्यांच्या गावाचं नाव टाकलं, 'उत्तम' असं उत्तर पाहिलं आणि आपापले रेडिओ तपासून घ्या असं त्यांना कळवलं. मग अख्ख्या खोऱ्याने निमूटपणे रेडिओ दुरुस्तीला टाकले. दुरुस्तीवाल्याची चंगळ झाली. वहिनीने तर दोनदा टाकला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरा आकडा घालून तिने नकाशा पुन्हा काढला. डोंगरापलीकडचं खोरं या टोकापासून त्या टोकापर्यंत करडं झालं. दोन्ही कागद घेऊन ती दार न वाजवता साहेबांच्या खोलीत शिरली.

साहेबांनी कागद पाहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिले. चूक त्यांना कळली होती, त्यांचे कान लाल झाले होते. पण बोलायला लागले ते थंडपणे. घाईघाईने काही बदलू नये, चौकशी आटोपली की सावकाश दुरुस्ती करू, तोवर हा दुसरा कागद तिने विसरून जावा. तिच्या नोकरीची अजून बरीच वर्षं बाकी आहेत, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

"गेलेलं माणूस काही परत येत नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही येत," ती म्हणाली. "म्हणून तुमची चूक तिच्या माथी मारायची? ती उलट बोलायला नाही म्हणून?"

जागेवर येऊन तिने स्वतःच्या नावाने मनोऱ्याची नोंद दुरुस्त केली. मग वेबसाइटवर दादा-वहिनीच्या गावाचं नाव टाकलं. 'येथे प्रक्षेपण पोहोचत नाही', असं उत्तर आलं. तिला रडू आलं नाही. करडा नकाशा गुंडाळून तिने पर्स उचलली.

तशीच ती दादाकडे गेली. दादा पायरीवर बसून होता. महिनाभर त्याचं एकच पालुपद चाललं होतं. दोनदा दुरुस्त करूनही रेडिओ खरखरतच होता, तिसऱ्यांदा दुरुस्तीला टाक म्हणून बायको मागे लागली होती, आणि आपण उद्या-उद्या करत राहिलो, आपल्या आळसाने ती गेली. चौकशीतही तो हेच सांगणार होता. साहेबांच्या ते पथ्यावरच पडलं असतं.

तिने त्याला सगळं सांगितलं, डोंगर दोनदा कसा मोजला तेही.

"म्हणजे रेडिओ चांगला होता?"

"चांगला होता."

"आणि माझा आळस?"

"तो जन्मापासूनचा आहे रे दादा. त्याने कोणी मेलं नाही."

दादा पायरीवरून उठला. मग त्याने तोंड सोडलं. दुरुस्तीवाल्याला, कचेरीला, साहेबांना त्याने ठेवणीतल्या शिव्या घातल्या, आणि तू तिथे बसून काय करत होतीस म्हणून तिलाही सुनावलं. तिने ऐकून घेतलं. त्याचं काय चुकलं होतं?

चौकशी शाळेच्या एका वर्गात होती. साहेबांनी फळ्यावर हिरवा नकाशा लावला. नकाशावालीने त्याच्या शेजारी करडा लावला आणि आकडा कोणाचा, कुठे चुकला, हे सरळ सांगून टाकलं. बाई दुःखात आहेत, त्यांचं फारसं मनावर घेऊ नये, अशी साहेबांनी सुरुवात केली. त्यांना तिथेच थांबवून अधिकाऱ्यांनी दादाला उभं केलं. त्या दिवशी घरात रेडिओ लावला होता का, असं विचारलं.

"लावला होता," दादा म्हणाला. "रेडिओ ऐकल्याशिवाय ती नदीत कधी उतरली नाही. खरखरीतून मधेमधे एखादा शब्द यायचा. त्या सकाळीही कान लावून उभी होती. पाणी हा शब्द काही आला नाही, म्हणून शेळ्या आणायला खाली गेली."

आधीच तयार करून आणलेल्या अहवालात 'निष्काळजीपणा' असं लिहिलेलं होतं. ते आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर खोडा, असं दादाने सांगितलं. अधिकाऱ्यांनी त्यावर एक रेघ मारली. ती पुरेशी नाही असं तो म्हणाला आणि शब्द वाचता येईनासा होईपर्यंत तिथून हलला नाही.

मग तो येऊन बहिणीशेजारी बसला. त्याचा सगळा राग उतरला होता, आवाजही. "शेवटी शेवटी ती म्हणायची," तो हळूच म्हणाला, "रेडिओचं काही नाही, माझेच कान गेले असतील. मी म्हटलं, असतील."