आठ भोकांचा पुठ्ठा

अ‍ॅमन झिमरमन तिसऱ्या ट्रॅक्टरपाशी गुडघ्यांवर बसला, टोपी मागं सरकवली आणि काखेतला पुठ्ठा मागच्या चाकाच्या मधोमध धरला. टोमॅटोच्या खोक्याचा पुठ्ठा, गोल कापलेला, त्याला आठ भोकं. चाकाला होते सहा बोल्ट. त्यानं पुठ्ठा जरा फिरवला, पुन्हा धरला, जणू काही फिरवल्यानं आणखी दोन बोल्ट उगवणार होते.

“नाही बसत,” तो म्हणाला.

रस हॅलॉक हा दुकानाचा मालक. निम्म्या खोऱ्याला त्यानंच ट्रॅक्टर विकलेले. गेला अर्धा तास तो घसा कोरडा करत होता. हा नारिंगी पंचवीस घोड्यांचा, हा हिरवा पस्तीसचा, तो कोपऱ्यातला निळा जुना पण दणकट. कोण किती उचलतो, कुणाला डिझेल कमी लागतं, सगळं सांगून झालं. अ‍ॅमननं मान डोलवली होती आणि ऐकलं काहीच नव्हतं. ट्रॅक्टरची पारख करायला तो पुठ्ठा घेऊन आला होता, कान नव्हे.

ल्युएला कुंपणाशी सायकल टेकवावी तशी उभी होती. अ‍ॅमनची ही धाकटी मुलगी, अडतीस वर्षांची, लग्न न केलेली. बापाचा खुबा गेल्यापासून दोन वर्षं अकरा एकरांची सगळी मशागत तीच करत होती. कांदा, स्ट्रॉबेरी, खरबूज, सगळं. ट्रॅक्टर चालवणार होती तीच. पण ‘तुला कुठला हवा’ हे तिला अजून कुणी विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन सांगायची तिच्या घरात रीत नव्हती.

जुना ट्रॅक्टर मार्चमध्ये कायमचा बसला. त्याची मागची लोखंडी चाकं तेवढी शाबूत होती. त्यांच्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती मंडळीत मोटार वर्ज्य; ट्रॅक्टर चालतो, पण लोखंडी चाकांवर. रबराची चाकं आली की ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून शहरात कधी जाईल याचा नेम नाही, असं जुन्या माणसांनी ठरवून टाकलेलं. त्यामुळं नवा ट्रॅक्टर घेतला की त्याची रबरी चाकं काढायची आणि इलम लोहाराकडून लोखंडी बसवून घ्यायची. सगळे तेच करतात. अ‍ॅमनचं मात्र उलटं चाललं होतं. त्याला आपल्या जुन्या चाकांसाठी ट्रॅक्टर हवा होता; पुठ्ठ्याची आठ भोकं त्यांच्याच मापाची.

चाकं होतीही तशी. इतरांची चाकं बसणाऱ्याचे दात खिळखिळे करतात. ह्या चाकांवरचे लोखंडी दात जरा तिरपे जोडलेले, म्हणून दणका कमी. ही करामत मर्व्हिनची. मर्व्हिन म्हणजे ल्युएलाचा भाऊ. इलमकडे कामाला होता तेव्हा, बावीस वर्षांचा असताना त्यानं ती घडवली. सहा वर्षांपूर्वी तो मोटारवाल्यांच्या मंडळीत गेला, मोटार घेतली आणि साठ मैलांवर स्वतःचा वेल्डिंगचा कारखाना काढून बसला. मंडळीनं फार मनावर घेतलं नाही. दरवर्षी दोन-चार जण तसे जातातच. मनावर घेतलं ते अ‍ॅमननं. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव निघालं नाही. ल्युएला मात्र महिन्यातून एकदा सायकलवरून टपाल कचेरीत जायची. तिथं तिच्या नावाचं एक पाकीट असायचं. ती ते तिथंच उभ्यानं वाचायची आणि उत्तर लिहून टाकायची.

“निळा बघू,” अ‍ॅमन म्हणाला.

निळ्याला आठ बोल्ट होते. पुठ्ठा लावताच सगळे भोकांतून असे बाहेर आले की म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. ल्युएलानं त्याला कितीतरी दिवसांनी असं पाहिलं आणि तिला बरंही वाटलं, वाईटही वाटलं. कारण मघाशी सगळ्यांची नजर चुकवून ती नारिंगी ट्रॅक्टरवर बसून आली होती. पाय टेकत होते. पायानं हलकं दाबलं की पुढं, टाचेनं दाबलं की मागं. स्ट्रॉबेरीच्या दोन वाफ्यांमधून तो पान न दुखवता गेला असता.

“चढ,” अ‍ॅमन तिला म्हणाला. “चालवून बघ.”

निळ्याचा क्लच दगडासारखा होता. ती बसून दाबायला गेली तर पाय थरथरायला लागला. शेवटी ती स्टिअरिंग धरून क्लचवर उभीच राहिली, तेव्हा कुठं तो खाली गेला. गिअर पडला. पाय उचलताना मात्र तो सुटलाच, आणि ट्रॅक्टर उडी मारून पुढं गेला तो थेट रसच्या पाण्याच्या पिंपावर. पिंप कलंडलं. पाणी खाली उभ्या दोघांच्या बुटांत गेलं. ल्युएलानं चावी बंद केली आणि मेल्याहून मेल्यासारखी होऊन खाली उतरली, ती त्याच पाण्यात.

“पिंप जुनंच होतं,” रस म्हणाला.

“सवय होईल,” अ‍ॅमन म्हणाला.

खरं तर तिनं गप्प बसायचं. आजवर ती गप्पच बसत आली होती. पण बुटांत पाणी, पोटरीत गोळे, आणि डोक्यात शनिवार. शनिवारी चुलतभाऊ फारेस उत्तर मागायला येणार होता. ट्रॅक्टरचं जमलं नाही तर अकरा एकर फारेसच्या मुलांना कसायला द्यायचे, म्हाताऱ्यानं ओसरीवर बसायचं आणि ल्युएलानं थोरल्या बहिणीकडं राहायला जायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं. बहिणीची अकरा मुलं. तिथं स्वयंपाकघरातून हलायला मिळणार नाही हे ल्युएलाला पक्कं ठाऊक होतं. एप्रिलच्या ओल्या मातीचा वास घ्यायला दारात उभं राहावं लागेल, तेही कुणाचं तरी पोर कडेवर घेऊन.

“डॅट,” ती बापाला म्हणाली, “मला मर्व्हिनची चाकं नाही चालवायची. मला ट्रॅक्टर चालवायचाय.”

रसला अचानक खिशातल्या किल्ल्या मोजायचं काम आठवलं. अ‍ॅमननं पुठ्ठ्यावरचं पाणी बाहीनं पुसलं, पुठ्ठा काखेत घातला आणि घोडा सोडायला गेला.

घरापर्यंत बग्गीतून चार मैल. सहा वर्षांत पहिल्यांदा ते नाव निघालं होतं आणि ते आपल्या तोंडून, तेही तक्रार म्हणून निघालं, ह्याचं ल्युएलाला फार वाईट वाटत होतं. चाकांनी तिचं काय वाकडं केलं होतं? उलट त्यांच्यामुळंच तिची पाठ अजून धड होती.

बुधवारी ती स्वतः सायकल काढून इलमकडं गेली. नारिंगी ट्रॅक्टरला नवी चाकं कधी होतील, विचारलं. इलमनं भिंतीवरची यादी दाखवली. सगळ्या खोऱ्याला एप्रिलमध्येच चाकं हवी असतात. मोठी चाकं सहा आठवड्यांनी, पुढची छोटी हवी तर उद्या. मग जुन्यांचाच मधला भाग कापून सहा भोकांचा बसवता येईल का? इलम डोकं खाजवत म्हणाला, उंची जुळेल, पण त्या चाकांना आपण हात लावणार नाही. मर्व्हिननं ती कुठल्या बेतानं जोडलीत ते त्यालाच ठाऊक, भलतीकडं कापलं तर चाक वाकडं चालायचं. सहा आठवड्यांनी कांद्याची रोपं फेकूनच द्यावी लागणार होती. ल्युएला तशीच परत फिरली. जेवताना तिनं इलमचं सगळं म्हणणं बापाला सांगितलं. तो बटाट्यावर मीठ घालत राहिला, नको तेवढं.

गुरुवारी सकाळी तो काही न सांगता बग्गी घेऊन गेला आणि दुपारी उशिरा आला. ल्युएलानं विचारलं नाही. बियाण्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावत बसली. कुठल्या वाफ्यात गेल्या वर्षी काय होतं, कुठं पाणी साचतं, सगळं लिहून ठेवलं, फारेसच्या मुलांना कळावं म्हणून. तिला रडू येत होतं आणि चिठ्ठ्यांवरची शाई फिसकटू नये म्हणून ती ते आवरत होती.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला अंगणात ट्रक आला. ल्युएला रोपांच्या घरातून बाहेर आली तर रस आणि तिचा बाप मिळून जुन्या ट्रॅक्टरची चाकं फळीवरून ट्रकमध्ये चढवत होते. म्हाताऱ्याचा खुबा दुखत असणार, तोंड वाकडं झालं होतं, पण हात सोडत नव्हता. एक चाक आधीच वर गेलं होतं. रस भंगारही घेतो हे सगळ्यांना माहीत होतं.

ती धावत गेली आणि फळीवरच्या चाकाला तिनं खांदा लावला, खाली ढकलायला.

“देऊ नका, डॅट. मी निळा चालवीन. पाय बसेल माझा हळूहळू.”

“बाजूला हो,” अ‍ॅमन म्हणाला. “बोटं चिरडतील.”

“मी रागात बोलले. चाकं ठेवा.”

“भंगारात कोण देतंय?” त्यानं चाक वर लोटलं, रसनं ते आतून ओढून घेतलं. मग म्हातारा ट्रकच्या पायरीवर बसला आणि दम खाल्ला. “नारिंगी सोमवारी येतोय. पुढची चाकं इलम देतोय. आणि फारेसकडं काल जाऊन आलो. जमीन रिकामी नाही म्हणून सांगितलं.”

ल्युएलानं उगाच एप्रनला हात पुसले. ते स्वच्छच होते.

अ‍ॅमननं कोटातून पुठ्ठा काढला. तोच, टोमॅटोच्या खोक्याचा. पण आता त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं नवा गोल काढलेला होता, त्यावर सहा खुणा, प्रत्येकीच्या शेजारी इंचांचे आकडे. काल नारिंगीपाशी गुडघ्यांवर बसून त्यानं हे केलं असणार. आकड्यांखाली त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात एक ओळ होती: ‘दात आहेत तसेच तिरपे ठेव. ल्युएला चालवते.’

तिनं ती ओळ दोनदा वाचली. ‘ठेव’ कुणाला म्हटलंय, ते तिला दुसऱ्यांदा वाचताना समजलं.

“रस तिकडं जाणारच आहे, दुसऱ्या कुणाचा ट्रॅक्टर पोचवायला,” अ‍ॅमन ट्रकच्या चाकाकडं बघत म्हणाला. “इलम म्हणतो, ज्यानं घडवली त्यानंच कापावीत. पण रसला कारखाना माहीत नाही. कडेला पत्ता लिही.”

“मी?”

“मग कोण? मला कुठं ठाऊक आहे.”

त्यानं पेन्सिल पुढं केली. ल्युएलानं पुठ्ठा ट्रकच्या फळीवर ठेवला आणि न अडखळता पत्ता लिहिला. रस्ता, घराचा आकडा, गाव, पिन. लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ती आत जाऊन वही आणायचं सोंगसुद्धा करायला विसरली. तिचे कान तापले. अ‍ॅमन तिच्या खांद्यावरून वाचत होता. प्रत्येक अक्षर, अगदी सावकाश.

“बरा असतो का तो?” त्यानं विचारलं.

“बरा असतो. मुलगी झालीय. दोन वर्षांची आहे.”

रस ट्रकमध्ये बसून समोरच्या काचेवरची धूळ फडक्यानं पुसत होता, पुसलेलीच पुन्हा पुसत होता. अ‍ॅमननं पेन्सिल मागून घेतली, पुठ्ठा गुडघ्यावर धरला आणि आपल्या ओळीच्या खाली, उरलेल्या जागेत, अक्षर बारीक करत काहीतरी लिहिलं. मग तो पुठ्ठा ल्युएलाच्या हातात देऊन, चाकाला बांध म्हणाला, आणि लंगडत घोड्याला पाणी दाखवायला निघून गेला.

ल्युएला ट्रकमध्ये चढली. चाकाच्या आठ भोकांपैकी एकातून तिनं सुतळी ओवली आणि गाठ मारता मारता वाचलं:

‘बसवायलाही तूच लागशील. पुढच्या शनिवारी, जेवायच्या आधी. मोटार कोठारामागं लाव. तिघांनी या.’